राणीच्या खरवसाचं पथ्य

उंद्री, ता. चिखली
११ फेब्रुवारी २०२५

रेवती,

आमच्याकडे सगळे बरे आहेत, आईने तुझी आठवण काढली, आणि बियाण्याच्या कांद्याला फुलं येऊन सगळी वावरं पांढरी झालीत. एवढं लिहिलं की पत्राची रीत पुरी होते असं आई म्हणते. फोन सोडून पत्र का, ते तुला माहीत आहे. तू मला फोनवर ब्लॉक केलंस. व्हॉट्सॲपवर केलंस. माझा दोस्त राजकुमार, त्याच्या फोनवरून लावला तर त्यालाही केलंस, त्या बिचाऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं? पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून चिखलीहून पाकिटं आणली.

हे पत्र मी शुद्ध लिहिणार आहे. मागे तुझ्या होस्टेलच्या मैत्रिणी स्पीकरवर माझं 'मले-तुले' ऐकून हसल्या होत्या आणि मी फोन आपटला होता. त्याची काच अजून तशीच तडकलेली आहे. तडकलेल्या काचेतून तुझा फोटो पाहतो. तुझ्या नाकावरून रेघ जाते.

आधी माफी. दवाखान्यात मी केलं ते चुकलं. डॉक्टर म्हणाले, "कोण्या भोंदूनं दिलं हे?" आणि माझं डोकं फिरलं. बाटली त्यांच्या टेबलावर आपटायला नको होती. पण कॉलर धरली असं जे तू सगळ्यांना सांगतेस ते खरं नाही. बाही धरली होती. कॉलर आणि बाही यात फरक असतो, रेवती.

भोंदू! मी काय ताईत विकतो? कॉलेज सोडलं म्हणजे अक्कलही अकोल्यालाच सोडून आलो असं सगळ्यांना वाटतं. रॉयल जेली ही काही मंतरलेली चीज नाही. कोवळ्या कामकरी मधमाश्या डोक्यातून दुधासारखं पाझरवतात. पोळ्यातल्या सगळ्या अळ्यांना ते तीन दिवस मिळतं, चौथ्या दिवसापासून फक्त जिची राणी करायची तिला. तेवढ्या खाण्याच्या फरकावर एकीची आयुष्यभर हमाली आणि दुसरीचं राज्य. मी पहिल्यांदा काढली तेव्हा जिभेवर ठेवून पाहिली होती. आंबट, आणि जीभ चावते. तुझ्या आईने बाटलीत पाहून म्हटलं, "अगं बाई, हा तर राणीचा खरवस!" तेच नाव पडलं मग तुमच्या गल्लीत.

आणि जेलीने रक्तदाब उतरतो हे मी माझ्या मनाने बोललो नव्हतो. बाहेरच्या देशात उंदरांना देऊन पाहिलंय, काही माणसांनाही दिलंय, दाब थोडा उतरतो असं त्यात आहे. झेरॉक्स आहेत माझ्याकडे. तुला पाठवल्याही होत्या. तू फार्मसी शिकतेस म्हणून तुलाच आधी विचारलं होतं ना?

आणि त्या रविवारी काकांना, तुझ्या बाबांना, दवाखान्यात नेलं कोणी? मी ताजी बाटली घेऊन सकाळी दहाला तुमच्याकडे गेलो होतो. काका नेहमीसारखे म्हणाले, "या, माशा मारून झाल्या का?" मी म्हटलं, "मारत नाही काका, पाळतो." ते हसले, आणि ते हसू एकाच बाजूने आलं. हातातला कप पडला नाही, हळूहळू वाकडा होत गेला. चहा लेंग्यावर सांडत होता आणि ते त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा लेंगा असल्यासारखं पाहत होते. मी त्यांना उचलून जीपमध्ये टाकलं. डॉक्टरच म्हणाले, वेळेवर आणलं. हे कोणी बोलत नाही.

तू कॉरिडॉरमध्ये मला विचारलंस, "गोळ्या बंद करायला तू सांगितलंस?" मी नाही म्हणालो. तेच इथे पुन्हा लिहितो. तू फोनवर सांगितलं होतंस की जेली द्यायची तर चमच्याच्या टोकावर दे, आणि गोळ्या चालूच ठेवायला सांग. तसंच मी सांगितलं. काका डॉक्टरांना काय म्हणाले? "मीच बंद केल्या. दोन औषधं एका पोटात भांडतात." हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मी काय सांगू?

एक ओळ लिही. शिवी असली तरी चालेल.

तुझाच,
विहंग


उंद्री
१९ फेब्रुवारी

रेवती,

आठ दिवस झाले. पुण्याला पत्र जायला चार दिवस लागतात असं पोस्टात म्हणाले, म्हणजे तू चार दिवस पाकीट समोर ठेवून बसली आहेस.

काका घरी आले हे तुला माहीत आहेच. मी एक दिवसाआड जातो. बोलणं बरंच सुधारलंय, उजव्या हाताचं जमत नाही. तहसील ऑफिसातलं जुनं रजिस्टर काढून त्यात अ आ इ गिरवतात. त्या हाताने अर्ध्या चिखलीच्या लग्नपत्रिकांवर नावं घातलीत. आता 'आ'चा काना त्यांच्याकडून ओळीबाहेर पळतो. मी समोर बसतो आणि पाहतो, आणि मग माझ्याने बसवत नाही. उठून अंगणात फेऱ्या मारतो. काकू म्हणतात, "तुले काय मुंग्या चावून राह्यल्या?"

सगळे त्यांनाच बोलतात. काकू येता-जाता बोलतात, "तुमच्या हट्टापायी झालं." शेजारचे नारायणराव गुरुजी तर रोज येऊन बोलतात, "शिकलेले तुम्ही, रमाकांतराव, पोरगी फार्मसीत, आणि गोळ्या बंद?" तूही फोनवर रडून रडून त्यांना बोललीस म्हणे. काका ऐकतात. रजिस्टरात पाहतात.

त्यांना इतकं बोलू नकोस. का ते विचारू नकोस. नको बोलूस, बस.

जेली काढणं मी बंद केलं. कशी काढतात तुला कधी सांगितलं नव्हतं. पेटीतली राणी बाजूला काढायची. माश्या बिथरतात. मग मेणाच्या खोट्या वाट्या आत ठेवायच्या, एकेकीत एक बारीक अळी. माश्यांना वाटतं नवी राणी येणार, त्या जीव तोडून वाट्या भरतात. तिसऱ्या दिवशी आपण अळी काढून फेकायची आणि भरलेलं खरवडून घ्यायचं. फसवल्याशिवाय मिळतच नाही.

राणी काढलेल्या पेटीला कान लावलास तर आवाज वेगळा येतो. नेहमीची गुणगुण नसते, एक सूर सारखा वरखाली होत राहतो, कोणी दातात पदर धरून रडावं तसा. दोन पेट्यांत मी राणी परत सोडली. एका पेटीने तिला घेतलं. दुसरीने नाही घेतलं, मारून दारात टाकली.

रेवती, संक्रांतीच्या दिवशी तुमच्याकडे

जाऊ दे. पोस्टाची वेळ झाली.

विहंग


उंद्री
५ मार्च

रेवती,

इकडची खुशाली शेवटी लिहीन. आज आधी ते लिहितो जे गेल्या पत्रात अर्ध्या ओळीवर सोडलं होतं. आणि शुद्ध लिहिणं जमलं तर जमलं.

संक्रांतीला मी तिळगूळ आणि पहिली बाटली घेऊन तुमच्याकडे गेलो. ओसरीवर काका, नारायणराव गुरुजी, आत काकू आणि हळदीकुंकवाला आलेल्या चार-पाच बायका. मी नवा शर्ट घातला होता. खरं सांगतो, मी रक्तदाब उतरवायला गेलो नव्हतो. काकांच्या नजरेत चढायला गेलो होतो. 'माशा मारणारा पोट्टा' हे त्यांच्या तोंडून एकदाचं सुटावं, आणि उद्या कधी तुझ्यासाठी त्यांच्यापुढे उभं राहायची वेळ आली तर त्यांना माझा उपकार आठवावा, असा माझा हिशेब होता.

मी बाटली दिली. कशी काढतात, किती घ्यायची, सगळं सांगितलं. तुझं वाक्य जिभेवर तयार होतं, 'गोळ्या चालूच ठेवा.' तेवढ्यात काकांनी विचारलं, "अन पथ्य काय?"

मी म्हटलं, "पथ्य काहीच नाही."

गुरुजी हसले. "पथ्य नाही? मंग औषध कायचं बे ते? हा तर तिळगूळ झाला! घ्या रमाकांतराव, गोड बोला." बायकाही आतून हसल्या. कोणी तरी म्हणालं, "अर्ध्यातून शिक्षण सोडलेल्याचं औषध बी अर्धंच राहीन."

तुला माहीत आहे आपल्याकडे कसं असतं. काविळीचा पाला देणाराही तेल-तिखट बंद करतो, मोडलेलं हाड बांधणारा वांगं बंद करतो. पथ्य सांगितलं नाही तर घेणाऱ्याला वाटतं देणाऱ्याला काही येत नाही. माझे कान तापले. आणि माझ्या तोंडातून निघालं, "पथ्य आहे ना. याच्यावर इंग्रजी गोळी चालत नाही. दोन औषधं एका पोटात भांडतात."

गुरुजींनी मान हलवली, "हे बाकी बरोबर." काकांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. दोन्ही हातांनी, रेवती.

ते वाक्य माझं होतं. पहिल्या पत्रात विचारलं ना, कुठून आलं ते मी काय सांगू? माझ्या तोंडातून आलं.

मी स्वतःला सांगितलं, कोण ऐकते, काका शिकलेले आहेत, गोळ्या घेतीलच. उद्या एकटे सापडले की सांगून टाकू. वीस तारखेला गेलो तर तू घेऊन दिलेल्या बीपीच्या मशीनवर एकशे अडतीस आले होते. काकांनी अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं. मला म्हणाले, "विहंगराव, बसा." विहंगराव! आणि मी बसलो. कॅलेंडरच्या खिळ्याला त्यांच्या गोळ्यांची पिशवी टांगलेली असते ना, त्यातली पट्टी अख्खी होती, एकही गोळी फोडलेली नव्हती. मी ती पाहिली. पाहून कॅलेंडरावरची तारीख पाहिल्यासारखं केलं.

अजून एक आहे. तीस तारखेला ते म्हणाले, "डोकं जड वाटून राह्यलं रे." मी म्हणालो, "गुण येताना असंच होते काका."

हे लिहिलं आणि दोन वेळा बाहेर जाऊन आलो.

तीन दिवसांनी कप वाकडा झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी काकांच्या उशाशी थर्मास धरून उभा होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच बंद केल्या," म्हणाले. मग तू आलीस, सरळ बसस्टँडवरून, पाठीवर बॅग तशीच, आणि त्यांना काय काय बोललीस. त्यांच्या तोंडाची एक बाजू उतरलेली, आणि मी थर्मासचं झाकण फिरवत होतो. त्याच तिरमिरीत मी डॉक्टरवर धावलो. त्यांनी मला भोंदू म्हटलं म्हणून नाही. त्यांनी बरोबर ओळखलं म्हणून.

परवा डॉक्टरांकडे गेलो होतो. बाही धरल्याची माफी मागितली. ते म्हणाले, "बस. मी पण त्या दिवशी तापलो होतो." मग म्हणाले की माझ्या झेरॉक्स खोट्या नाहीत, थोडाफार फरक काही अभ्यासांत दिसलाय, पण ते प्रयोग लहान आहेत, त्यावरून औषध ठरत नाही, आणि गोळीच्या जागी तर मुळीच नाही. कोणाला माशीच्या वस्तूंची ॲलर्जी असते, दमा असतो, त्यांना चमचाभरही महागात पडू शकते. मी म्हटलं, हे मला माहीत होतं. ते म्हणाले, "मग जास्त वाईट."

तिथून सरळ तुमच्याकडे गेलो. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. काका ओसरीवर रजिस्टर घेऊन. मी उभ्यानेच म्हटलं, "काका, ते पथ्य मी बनवलं होतं."

ते 'क' गिरवत होते. तो पुरा केला. मग म्हणाले, "माहीत हाय."

"कधीपासून?"

"तू सांगितलं तवाच. एकतीस वर्ष खिडकीवर बसलो बे मी. रोज शंभर माणूस खोटं बोलाले येत होता. बनवून सांगताना माणूस एक घडी थांबते. तू थांबला."

मी खाली बसलो. "मंग गोळ्या काऊन बंद केल्या?"

त्यांनी डाव्या हाताने पेनाला टोपण लावलं. मग हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, "मले निमित्त पाह्यजे होतं. रोज सकाळी ते गोळी म्हणजे म्हातारपणाच्या मस्टरवर सही. बारा वर्ष केली. कटाळलो होतो. तू खोटं देलं, मी घेतलं. दोघंबी हुशार."

"तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलं. रेवतीचंबी. माह्यासाठी?"

"तुह्यासाठी कायले? मोठा आला. माह्या वाटणीचं होतं ते. मी दवाखान्यातच कबूल केलं. तुह्या वाटणीचं बाकी हाय."

मी रडलो, रेवती. तोंड धुवायला मोरीत गेलो तर ते मागून ओरडले, "नळ बंद कर नीट, गळते तो." परत येऊन विचारलं, "मंग आता काय करू?" आणि माझ्याच तोंडातून निघालं, "पथ्य सांगा."

ते हसले. हसू आता जवळजवळ दोन्ही बाजूंनी येतं. म्हणाले, "एक, रेवतीले खरं लिह्य. फोन नाही, फोनवर तू तापतो. दोन, ते पत्र गेलं की तिचं उत्तर येईस्तोवर दुसरं टाकाचं नाही. राजकुमारचा फोन नाही, पुण्याची गाडी नाही. तीन, रोज सकाळी याचं अन मी गोळी गिळताना समोर बसाचं."

"किती दिवस?"

"पथ्याले कोणी दिवस विचारते? गुण येईस्तोवर."

तिसरं कालपासून सुरू केलं. उंद्रीहून सकाळी सातला चिखलीला निघतो. काका गोळी जिभेवर ठेवतात, मला जीभ दाखवतात, पाणी पितात, पुन्हा जीभ दाखवतात. काकू म्हणतात, "शाळेतले पोट्टे बरे याच्याहून." काकूंना मी सांगितलं. त्यांनी दोन दिवस मला चहा दिला नव्हता, आज अर्धा कप दिला. गुरुजींना सांगायचं आहे. ते सगळ्यात अवघड जाईल, कारण त्यांना ते पथ्य फार पटलं होतं.

माझी पहिली दोन पत्रं तू उघडलीच नाहीस असं काकांकडून कळलं. दुसरं फाडून टाक. पहिलं ठेव. त्यात मी तुला धडधडीत खोटं लिहिलंय, ते माझ्या अक्षरात तुझ्याजवळ असू दे. मी पुढे कधी शहाणपणा करायला लागलो तर काढून दाखवता येईल. पुढे काही असेल तर.

मला तू हवी आहेस. हेही लिहून टाकतो, कारण यानंतर लिहायला मिळणार नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. तू तुझ्या वडिलांना जे बोललीस त्यातलं अर्धं माझं होतं, ते त्यांच्याकडून परत घे आणि मला दे. त्यांना एक फोन कर. काही बोलू नकोस, नुसतं विचार, आज कोणतं अक्षर गिरवलं.

आता खुशाली. राणीला मारून टाकलेल्या त्या पेटीत माश्यांनी स्वतःच एक अळी निवडली होती. माझी मेणाची वाटी नाही, त्यांची त्यांनी बांधलेली. काल राणी बाहेर आली. पेटीतला तो रडका सूर थांबला. मी हात लावला नाही.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू दचकली असशील. ते माझं नाही. माझ्या अक्षरातलं पाकीट तू उघडत नाहीस म्हणून पत्ता काकांनी घातला. चार पाकिटं वाया गेली, पाचव्यावर तुझं नाव नीट बसलं. 'रेवती'ची वेलांटी जरा लांबली आहे, पेन वेळेवर उचललं गेलं नाही. मी म्हटलं, दुसरं घेऊ काका? ते म्हणाले, "राहू दे. ओळखते ते."

कॉलेज मी अर्ध्यातून सोडलं. हे पथ्य सोडणार नाही, तुझं उत्तर आलं नाही तरी.

वाट पाहतो असं लिहायची मनाई आहे.

विहंग